नामंजूर नकाशाची दाद : दिल्लीतील घरबांधणीच्या परवानगीचा इतिहास

दिल्लीतील मराठी माणूस इतिहासाविषयी बोलू लागला की तो पानिपताच्या आसपास फिरतो. आम्हीही त्यास अपवाद नाही. लाल किल्ल्यात पाहुण्यांना घेऊन गेलो की दिवाण-इ-खासचे रुप्याचे छत सदाशिवरावभाऊंनी १७६० साली उतरवून घेतले, ही गोष्ट आम्ही न चुकता सांगतो. सांगताना अलीकडे एक विचार मनात डोकावतो. एवढे मोठे छत उतरविण्यासाठी भाऊसाहेबांस कोणाकडे अर्ज करावा लागला नाही, नकाशाच्या चार प्रती जोडाव्या लागल्या नाहीत आणि नामंजुरीचे पत्रही आले नाही. तलवारीच्या राज्यात बांधणे आणि पाडणे ही दोन्ही कामे सुटसुटीत असतात.

पुढे ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजाच्या मैदानावर शिंद्यांच्या फौजेचा जनरल लेकने पराभव केला आणि दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. त्या लढाईचे स्मारक आज नोएडाच्या गोल्फ कोर्सात उभे आहे. जवळच्या पटपडगंज भागातील सोसायट्यांत आता आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे राहतात. जेथे शिंद्यांचे पायदळ उभे ठाकले होते, तेथे आज दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटांवर गुढ्या उभ्या राहतात. लढाईविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. गुढी ज्या गच्चीवर उभी राहते ती गच्ची कोणाच्या परवानगीने बांधली गेली, परवानगी नाकारली गेली तर सामान्य माणसाने कोठे जावे, आणि ही जाण्याची वाट केव्हा व कशी निर्माण झाली, याविषयी मराठीत आमच्या वाचनात फारसे आलेले नाही. संपादकांनी स्मरणिकेसाठी इतिहासपर लेख मागितला, तेव्हा हा रुक्ष विषय आम्ही आपण होऊन घेतला. त्यास कारण आमचे एक स्नेही. त्यांची हकीकत पुढे येईल.

अठराशे सत्तावन्नच्या धामधुमीनंतर दिल्ली पंजाब प्रांताला जोडली गेली आणि १८६३ साली येथे नगरपालिका स्थापन झाली. आरंभी तिची नजर गटारे, दिवे आणि चौकीदार यांवर होती. घर कोणी कसे बांधावे याविषयीचे नियम हळूहळू आले. पंजाबचा १९११ चा नगरपालिका कायदा दिल्लीस लागू होता, आणि त्यात नवे घर बांधण्यापूर्वी नगरपालिकेस नोटीस देऊन मंजुरी घेण्याची तरतूद होती. मंजुरी नाकारली गेल्यास दाद मागावयाची ती सरकारी वरिष्ठाकडेच. ज्या साहेबाच्या मर्जीने नगरपालिका चाले, त्याच साहेबाच्या दारात तिच्याविरुद्ध गाऱ्हाणे न्यावयाचे, असा तो प्रकार होता.

त्याच वर्षी, १२ डिसेंबर १९११ रोजी, दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून हलविण्याची घोषणा झाली. रायसीन्याच्या टेकडीवर जे शहर उठले आणि १९३१ साली ज्याचे उद्घाटन झाले, त्यात खाजगी माणसाच्या नकाशाचा प्रश्न फारसा नव्हताच. जमीन सरकारची, बंगला सरकारचा, आणि राहणारा सरकारचा नोकर. सरकारी क्वार्टरात उभे आयुष्य काढणाऱ्या आपल्या दिल्लीकर मराठी वर्गाचा मूळ स्वभाव तेथेच घडला असे आमचे मत आहे. डोक्यावरचे छत हे नेमणुकीच्या आदेशाबरोबर येते आणि निवृत्तीच्या आदेशाबरोबर जाते, अशी आपली समजूत होऊन बसली. घर बांधणे हे काम गावाकडचे. नाशिकला, साताऱ्याला, नागपूरला करावयाचे.

जुन्या शहरात मात्र गर्दी असह्य होत चालली होती. ए. पी. ह्यूम या आय.सी.एस. अधिकाऱ्याने दिल्लीतील दाटीविषयी १९३६ साली अहवाल दिला आणि त्यातून १९३७ साली दिल्ली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्मास आला. संयुक्त प्रांताचा १९१९ चा नगरसुधारणा कायदा दिल्लीस लागू करून त्याचा कारभार चाले. करोल बागेचा पश्चिम विस्तार, ज्यास आपण अजूनही डब्ल्यू.ई.ए. म्हणतो, तो या ट्रस्टचाच. करोल बागेत खोली घेऊन राहिलेल्या आपल्या जुन्या मंडळींनी ज्या रुंद, सरळ गल्ल्यांचे कौतुक केले, त्या गल्ल्या ट्रस्टच्या आखणीतून आल्या. परंतु ट्रस्टची चाल संथ होती आणि शहराची वाढ संथ नव्हती. १९४१ च्या शिरगणतीत सुमारे सव्वानऊ लाख असलेली दिल्लीची वस्ती १९५१ मध्ये साडेसतरा लाखांच्या घरात गेली. मधल्या काळात फाळणी झाली होती.

निर्वासितांनी मशिदी, थडगी, बराकी, तंबू, जेथे आडोसा मिळेल तेथे संसार मांडले. केंद्रात बांधकाम खाते तेव्हा आपले काकासाहेब गाडगीळ सांभाळत होते. अशा वेळी नकाशा, सेटबॅक, गटाराचा उतार यांची चर्चा करणे क्रूरपणाचे झाले असते, आणि ती फारशी झालीही नाही. ट्रस्टच्या कारभाराची चौकशी घनश्यामदास बिर्ला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. १९५१ च्या तिच्या अहवालात ट्रस्टवर कडक टीका आहे, आणि साऱ्या दिल्लीचा एकत्र विचार करणारी एकच संस्था असावी असे सुचविले आहे. अहवाल सरकारी कपाटात काही वर्षे राहिला. मग दिल्लीच्या गटारांनीच तो बाहेर काढला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

हा प्रसंग थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. कारण परवानगी नाकारणारा अधिकारी हा नेहमीच खलपुरुष असतो, अशी आपली धारणा असते. १९५५ च्या पावसाळ्याअखेर यमुनेस मोठा पूर आला. पुरानंतर नदीचा प्रवाह सरकला, आणि नजफगढ नाल्याचे मैले पाणी उलटे फिरून वजिराबादच्या जलशुद्धीकरण केंद्रात जेथून पाणी खेचले जाई तेथपर्यंत पोहोचले. डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या दोन महिन्यांत दिल्लीत काविळीची प्रचंड साथ पसरली. रुग्णांची संख्या सुमारे २९,३०० भरली. पिण्याच्या पाण्यातून पसरलेल्या काविळीची ही साथ वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांतून आजही उदाहरणादाखल दिली जाते. ज्या नाल्याने हे केले त्याच्या काठाने वस्ती आणि कारखाने बेहिशेबी वाढत गेले होते. कोणी कोणास 'येथे बांधू नका' असे म्हणावयाचे, आणि तसे म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हेच ठरलेले नव्हते.

त्याच हिवाळ्यात दिल्लीतील बांधकामांवर नियंत्रण ठेवणारा १९५५ चा कायदा झाला आणि तात्पुरते विकास प्राधिकरण नेमले गेले. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या पुढाकाराने नगररचना संघटना उभी राहिली. फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने आल्बर्ट मेयर यांच्यासारखे अमेरिकन तज्ज्ञ मदतीस आले. १९५६ साली अंतरिम आराखडा झाला. १९५७ साली संसदेने दोन कायदे केले: दिल्ली विकास कायदा आणि दिल्ली महानगरपालिका कायदा. पहिल्यातून डी.डी.ए. आले, दुसऱ्यातून १९५८ च्या एप्रिलात महानगरपालिका. आज दिल्लीत कोणी घराचा नकाशा घेऊन खिडकीपाशी उभा राहतो, तो या दोन कायद्यांपुढे उभा असतो.

महानगरपालिका कायद्याची ३३१ ते ३४९ ही कलमे आम्ही एकदा एका रविवारी सलग वाचून काढली. आमच्या पदवीचा कायद्याशी काही संबंध नाही. आम्ही कला शाखेचे, इतिहास विषय घेऊन बी.ए. झालेले. तरी फायलींच्या सहवासात तीस वर्षे काढल्यावर कलम वाचण्याची एक सवय जडते. त्या सवयीने आम्हांस असे दिसले की या कायद्यात नागरिकाच्या बाजूने तीन खुंट्या ठोकलेल्या आहेत.

पहिली खुंटी कारणांची. कलम ३३६ नुसार मंजुरी नाकारण्याची कारणे मोजकी आहेत. बांधकाम उपविधींच्या विरुद्ध असणे, मागितलेली माहिती न देणे, वसाहतीचा लेआउट मंजूर नसणे, सरकारी वा पालिकेच्या जमिनीवर अतिक्रमण होणे, प्लॉटला रस्ताच नसणे, अशी ती कारणे. आयुक्तांनी नकार द्यावयाचा तर ही कारणे थोडक्यात लिहून अर्जदारास कळविली पाहिजेत. साहेबांच्या मनास आले नाही, हे कारण त्यात नाही.

दुसरी खुंटी मुदतीची. नव्या घराच्या नोटिशीवर साठ दिवसांत नकार कळविला नाही, तर कलम ३३७ प्रमाणे मंजुरी दिली असे मानावयाचे. ही तरतूद वाचून आमच्यातील पुष्कळांचे डोळे चमकतात आणि ते एकसष्टाव्या दिवशी गवंड्यास बोलावतात. त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मंजुरी मानली गेली तरी घर उपविधींप्रमाणेच बांधावे लागते. मुदत टळली म्हणून शेजाऱ्याच्या उजेडावर भिंत घालता येत नाही. आणि ही सवलत घराच्या नकाशास आहे, साऱ्या वसाहतीच्या लेआउटास नाही. लेआउट मुदतीत नाकारला नाही म्हणून तो आपोआप मंजूर झाला असे होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली दिल्लीच्याच एका प्रकरणात दिला. लेआउटच अडकलेला असेल तर घराच्या नकाशाची गाडी पुढे सरकत नाही. आपल्या मंडळींचे कितीतरी प्लॉट वर्षानुवर्षे गवत वाढवीत पडून राहिले ते याच पायी.

तिसरी खुंटी अपिलाची. ती मात्र पुढे सत्तावीस वर्षांनी ठोकली गेली.

तत्पूर्वी मास्टर प्लॅनविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. १९५९ च्या नोव्हेंबरात ३४,०७० एकर जमीन संपादण्याची अधिसूचना निघाली आणि १ सप्टेंबर १९६२ पासून दिल्लीचा पहिला मास्टर प्लॅन अमलात आला. खाजगी वसाहतकाराकडून प्लॉट विकत घेण्याचा मार्ग जवळजवळ बंद झाला, जमीन डी.डी.ए.ची, तीही पट्ट्याने. सरकारी नोकरांनी सहकारी गृहनिर्माण सोसायट्या काढून प्लॉट मिळविले ते याच काळात. घर किती उंच असावे तेही ठरले: दोन मजले आणि गच्चीवर थोड्या जागेत बरसाती. दिल्लीत नवीन आलेला मराठी कारकून कितीदा तरी अशाच एखाद्या बरसातीत राहिला आहे. मे महिन्यात तापलेले छत, जानेवारीत फटीतून येणारा वारा, आणि खाली पंजाबी घरमालकीण. ही खोली कोणाच्या सौंदर्यदृष्टीतून आलेली नाही. ती मास्टर प्लॅनने आखून दिलेल्या अडीच मजल्यांतील वरचा अर्धा आहे, हे तिच्यात घाम गाळणाऱ्यास ठाऊक नसे.

आता अपिलाकडे येऊ. नकाशा नामंजूर झाला किंवा पाडण्याची नोटीस आली की माणूस दिवाणी न्यायालयात धाव घेई आणि मनाईहुकूम आणी. ज्याचे खरोखर नुकसान झाले त्यासही तो मिळे, आणि ज्याने रातोरात मजला चढविला त्यासही मिळे. खटला वर्षानुवर्षे चाले, तोवर मजल्यावर भाडेकरू बसलेला असे. १९८४ साली संसदेने महानगरपालिका कायद्यात मोठी दुरुस्ती केली. तिने एका हाताने लगाम आवळला: अनधिकृत बांधकाम सील करण्याचा अधिकार दिला, आणि काही अपराध पोलिसांनी थेट दखल घेण्याजोगे केले. दुसऱ्या हाताने अपिलीय न्यायाधिकरण दिले. त्याचा अध्यक्ष न्यायखात्यातला, जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा अनुभवी माणूस. नकाशा नाकारल्याचा हुकूम, लेआउट नाकारल्याचा हुकूम, दिलेली मंजुरी रद्द केल्याचा हुकूम, पाडण्याचा हुकूम, या सर्वांविरुद्ध तेथे अपील करता येते. मुदत तीस दिवस. न्यायाधिकरण हुकूम कायम करू शकते, बदलू शकते, रद्द करू शकते, किंवा फेरविचारासाठी परत पाठवू शकते. तीस हजारी न्यायालयात त्याचे कामकाज चालते. उलटपक्षी दिवाणी न्यायालयाचे दार बहुतांशी बंद झाले. 'शिवकुमार चढ्ढा विरुद्ध दिल्ली महानगरपालिका' या १९९३ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ते बंद असण्याचे समर्थन केले आणि अधिकाराबाहेर जाऊन काढलेल्या हुकुमापुरती एक फट ठेवली.

१८६३ पासून पाहत आलो तर हा बदल लहान नाही. साहेबाविरुद्ध साहेबाकडेच जाण्याऐवजी न्यायाधीशाकडे जाण्याची वाट मिळाली. ती पूर्ण निर्दोष होती असे नाही. न्यायाधिकरणाच्या वरचे अपील कायद्याने प्रशासकाकडे, म्हणजे उपराज्यपालांकडे, ठेवले होते. न्यायाधीशाच्या निर्णयावर प्रशासकाने बसावे हा उलटा क्रम सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मोडीत काढला आणि ते अपील जिल्हा न्यायाधीशांकडे नेले.

येथे महाराष्ट्राशी तुलना करण्याचा मोह आवरत नाही. नगररचनेचा कायदा हिंदुस्थानात प्रथम आपल्याच मुंबई इलाख्याने १९१५ साली केला, ही अभिमानाची बाब. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यातही साठ दिवसांची खुंटी आहे. परवानगी नाकारल्यास चाळीस दिवसांत अपील करता येते, पण ते राज्य सरकारकडे. इंग्लंडातही १९४७ च्या कायद्याने अपील मंत्र्यांकडेच ठेवले. न्यायाधीशासमोर जाण्याची दिल्लीची रीत आम्हांस अधिक बरी वाटते; पुण्यातील आमचे बंधू, जे तेथे बांधकाम ठेकेदार आहेत, याबाबत आमच्याशी सहमत नाहीत. मुंबईची तर तऱ्हाच निराळी. तेथे १८८८ च्या कायद्याखाली नकाशा मंजूर होतो, तेव्हा हाती येणाऱ्या कागदाचे नाव नापसंतीची सूचना असे असते. 'अमुक अटी पुऱ्या होईपर्यंत आम्हांस हे पसंत नाही' असे पालिका कळविते, आणि अर्जदार पेढे वाटतो. मुंबईहून बदलून आलेल्या एका गृहस्थांनी दिल्लीत हाती पडलेले खरेखुरे नकारपत्र मंजुरी समजून देव्हाऱ्यात ठेवले होते, असे आम्ही ऐकले आहे. खरे-खोटे सांगणारे जाणोत.

आता आमच्या स्नेह्यांची हकीकत. ते सातारा जिल्ह्यातले, एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. सोसायटीत त्यांना सव्वाशे चौरस यार्डांचा कोपऱ्याचा प्लॉट मिळाला होता. निवृत्तीस दीड वर्ष असताना त्यांनी नकाशा दाखल केला. कोणत्या कचेरीत, ते येथे सांगण्याचे कारण नाही; दिल्लीत नकाशे मंजूर करणाऱ्या कचेऱ्या एकाहून अधिक आहेत. साठावा दिवस उगवण्याच्या आत नकारपत्र निघाले. त्यात कारण असे होते: 'प्रस्तावित बांधकाम लेआउटशी सुसंगत नाही.' एवढेच. कोठे विसंगत, किती विसंगत, काही नाही. पत्र त्यांच्या जुन्या क्वार्टरच्या पत्त्यावर गेले, तेथून फिरत फिरत त्यांच्या हाती पडले तेव्हा हुकमाच्या तारखेपासून एकोणीस दिवस उलटले होते.

सोसायटीतील शेजाऱ्यांनी सल्ला दिला तो दिल्लीत सर्वत्र मिळतो तोच. अपील वगैरे वकिलांचे पोट भरण्यासाठी असते; एक माणूस आहे, तो करून देतो. तो माणूस घरी आलाही. त्याने चहा घेतला, आकडा सांगितला, आणि 'आपण तर सरकारी, आपणांस समजते' असे म्हणून तो गेला. स्नेह्यांच्या सौभाग्यवती आमच्या घरी आल्या त्या संध्याकाळी. त्या म्हणाल्या, "भाऊजी, छत्तीस वर्षं ह्यांनी कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. आता घरासाठी द्यायला लावू नका, एवढंच बघा." फंडाचे पैसे हाती येण्यापूर्वीच सिमेंटचे भाव वाढत होते, क्वार्टर सोडण्याची तारीख ठरलेली होती, धाकटी मुलगी लग्नाची होती. ज्या कुटुंबाने उभ्या नोकरीत एकही खिडकी स्वतःची म्हणून उघडली नव्हती, त्याची ही पहिली खिडकी होती. आकडा देऊन टाकला असता तर आम्ही त्यांना दोष दिला नसता, हेही येथे लिहून ठेवतो.

उरलेल्या अकरा दिवसांत आम्ही दोघांनी कागद जमविले. लेआउटची प्रत सोसायटीच्या चिटणिसांकडून मिळविली आणि जेवणाच्या टेबलावर पसरली. तासाभराने दोष सापडला, आणि तो निखालस होता. कोपऱ्याच्या प्लॉटवर वळणाची जागा मोकळी ठेवण्यासाठी टोक तिरपे कापलेले असते. स्नेह्यांच्या आर्किटेक्टने ते टोक सरळ धरून तेथे व्हरांडा काढला होता. म्हणजे नकार मुळात चूक नव्हता. नकाराची भाषा चूक होती. एक वाक्य नीट लिहिले असते तर दोन रेघा बदलून नकाशा आठवड्यात परत दाखल झाला असता. आम्ही स्वतः किती वर्षे 'नियमानुसार शक्य नाही' असे लिहून फायली खाली पाठविल्या, याची त्या रात्री थोडी आठवण झाली.

अपील तिसाव्या दिवसाच्या आत दाखल झाले. सुनावणी तीनदा पुढे गेली. अखेर हुकूम झाला तो असा, की नकारपत्रात पुरेशी कारणे नाहीत. अर्जदाराने सुधारित नकाशा द्यावा आणि कचेरीने ठरावीक मुदतीत कारणांसह निर्णय द्यावा. व्हरांडा गेला. टोक कापून दिले. मंजुरी मिळाली. या सर्वांत अकरा महिने गेले, आणि तेवढ्या काळात भाव इतके चढले की दोन मजल्यांचा बेत सोडून एकच मजला बांधावा लागला. मुलीचे लग्न त्या घरातून झाले नाही. ते बृहन्महाराष्ट्र भवनात झाले. तो माणूस पुढे एकदा रस्त्यात भेटला तेव्हा त्याने विचारले, "वकिलाला किती दिले?" आम्ही आकडा सांगितला. तो त्याच्या आकड्याहून फार कमी नव्हता.

ज्यांचा नकाशा कधीच नामंजूर झाला नाही, कारण त्यांनी तो कधी दिलाच नाही, त्यांची दिल्ली या नकाशांच्या दिल्लीहून फार मोठी आहे. पट्ट्याची जमीन अपुरी, अर्जाची वाट लांब. मग शेतजमिनीवर पडलेले प्लॉट लोकांनी मुखत्यारपत्रावर घेतले. १९७७ च्या धोरणाखाली अशा ५६७ वसाहती नियमित झाल्या. २०१९ च्या कायद्याने १,७३१ अनधिकृत वसाहतींतील रहिवाशांच्या मालकीस मान्यता देण्याची सोय केली. जुन्या खेड्यांच्या लाल डोऱ्यातील वस्तीस तर १९६३ च्या अधिसूचनेने बांधकामाच्या उपविधींतूनच सूट मिळाली होती. मुनीरका, खिडकी, शाहपूर जाट येथे गल्लीच्या दोन्ही बाजूंची घरे एकमेकांस चिकटू पाहतात ती त्यातून. २००६ सालच्या सीलबंदीच्या मोहिमेने सारी दिल्ली हादरली, हे आपणां सर्वांस आठवत असेल. आपलीही काही कुटुंबे या वसाहतींत राहतात. त्यांस नावे ठेवण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. ज्यास क्वार्टर मिळत नाही, तो कोठेतरी राहणारच.

परंतु २७ जुलै २०२४ ची रात्र विसरता येत नाही. जुन्या राजेंद्रनगरात एका शिकवणी वर्गाच्या तळघरातील वाचनालयात पावसाचे पाणी भरले आणि तीन विद्यार्थी बुडून गेले. त्या तळघरास परवानगी होती ती वाहने व सामान ठेवण्यापुरती. त्या भागात आपली किती मुले स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी राहतात हे सांगावयास नको. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मंडळाच्या पुष्कळ सभासदांचे फोन गावाकडच्या पालकांनी खणखणविले. ज्यांस आम्ही कधी पाहिलेही नव्हते असे पालक आमच्याकडे मुलांची चौकशी करीत होते. १९५५ चा नजफगढ नाला आणि २०२४ चे तळघर यांमध्ये सत्तर वर्षांचे अंतर आहे. उपविधींत 'येथे फक्त सामान ठेवावे' असे का लिहिलेले असते, ते अशा वेळी समजते.

बांधकाम उपविधी तीनदा नव्याने झाले: १९५९, १९८३ आणि २०१६. शेवटच्या वेळी एक मोठी सवलत आली. १०५ चौरस मीटरपर्यंतच्या घराच्या प्लॉटास आता नकाशा मंजूर करून घ्यावा लागत नाही. नियमांप्रमाणे बांधू अशी हमी लिहून, शुल्क भरून, कळविले की काम सुरू करता येते. ही बातमी वाचल्यावर आमचे स्नेही वही घेऊन बसले आणि त्यांनी यार्डांचे मीटर केले. सव्वाशे चौरस यार्ड म्हणजे साडेएकशेचार चौरस मीटर. त्यांनी आम्हांस फोन करून हा आकडा सांगितला, दोनदा सांगितला, आणि मग कापून दिलेल्या टोकावर लावलेली तगर यंदा चांगली फुलली आहे, येऊन पाहून जा, असे म्हणाले.